रागाचा बाजारभाव



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांची हयात फौजदारी कोर्टात गेली. तेव्हा त्यांच्या स्मृतीला एका गुन्हेगाराच्या मनाचा विषय वाहिला, तर औचित्यभंग होणार नाही असं मी धरून चालतो. विषय अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळातला आहे आणि माणूस आहे न्यूयॉर्कचा डच शुल्ट्झ.

अल कपोनऐवजी हा का, असं तुम्ही विचाराल. कपोनची टोपी, त्याचा सिगार आणि गालावरचा व्रण यांचं सिनेमानं इतकं भरीत केलं आहे, की त्यातून माणूस वेगळा काढणं अवघड झालंय. शुल्ट्झचं तसं नाही. त्याच्याजवळ बसून त्याला पाहणारे तीन लेखणीवाले होते: एक त्याचा वकील, दुसरे वार्ताहर आणि तिसरा पोलिसांचा लघुलेखक. तिघांचे हेतू वेगळे, त्यामुळे तिघांच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघता येतात. गुन्हेगाराच्या मनाबद्दल इतकी सामग्री सहसा हाती लागत नाही.

आधी कायद्याकडे पाहू. १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत मद्य बनवणं, विकणं आणि त्याची वाहतूक करणं बेकायदा झालं. पिणं मात्र गुन्हा नव्हता. म्हणजे गिऱ्हाईक जागच्या जागी राहिलं आणि दुकानदार तेवढा चोर ठरला. आता या दुकानदाराच्या अडचणी बघा. बिअरचा ट्रक वाटेत कुणी पळवला, तर तो फिर्याद कुठे देणार? गुत्तेवाल्यानं माल घेऊन पैसे बुडवले, तर दावा कुठे लावणार? भागीदारानं वहीत गोलमाल केला, तर हिशेबतपासनीस कुठून आणणार? इतर कोणत्याही धंद्यात व्यापारी ज्या गोष्टी सरकारकडून जवळजवळ फुकट घेतो, म्हणजे पोलीस, कोर्ट, करार, जप्ती, त्या सगळ्या या धंद्यात स्वतः उभ्या कराव्या लागतात. त्या उभ्या करायला एकच साहित्य असतं, भीती. आणि ज्याला भीती पैदा करता येते, त्याला या बाजारात एकाएकी किंमत येते. आज मला मुख्यतः हेच मांडायचं आहे: शुल्ट्झचा राग त्याचा स्वतःचा होता, पण त्या रागाला भाव दिला तो या बाजारानं.

त्याचं खरं नाव आर्थर फ्लेगेनहायमर. जन्म १९०१ चा, न्यूयॉर्कमधला. आईवडील जर्मन ज्यू. मुलगा लहान असतानाच बाप घर सोडून गेला. पुढे आयुष्यभर हा माणूस बाप सोडून गेल्याचं नाकारत राहिला. आठवीतच शाळा सुटली. छापखान्यात काम केलं, न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागातल्या शुल्ट्झ नावाच्या मालकाच्या ट्रक कंपनीत काम केलं. मग जुगार, मग घरफोडी. तुरुंगात गेला तिथे आवरेना, म्हणून शेतीकामाच्या बंदिशाळेत पाठवलं, तर तिथून पळाला. सापडल्यावर शिक्षा आणखी दोन महिने वाढली. डिसेंबर १९२० मध्ये तो बाहेर आला, तेव्हा दारूबंदीला वर्ष पुरं होत आलं होतं.

इथे मानसशास्त्राच्या नावाखाली एक सोपी वाट फुटते. बापानं टाकलेला मुलगा, म्हणून संतापी. संतापी, म्हणून खुनी. ऐकायला गोड वाटतं. पण त्या काळच्या ब्राँक्समध्ये बापाविना वाढलेली पोरं गल्लोगल्ली होती. त्यांतली बहुतेक शिंपी झाली, ड्रायव्हर झाली, कारकून झाली. काही संतापीही झाली असतील, त्यांनी बायकोला मारलं असेल, नोकऱ्या गमावल्या असतील. संताप हा एरवी माणसाला खड्ड्यात घालणारा दुर्गुण आहे. शुल्ट्झच्या बाबतीत तो बढतीचं कारण ठरला, आणि त्याची घटना नेमकी दाखवता येते.

ब्राँक्समध्ये जोई नोए नावाच्या माणसाचा हब सोशल क्लब नावाचा चोरटा गुत्ता होता. आर्थर तिथे दारावर राखणीला होता. त्याचं डोकं फिरलं की तो समोरच्याला किती निर्दयपणे मारतो, हे मालकानं पाहिलं. दुसऱ्या कुठल्याही मालकानं असल्या नोकराला घरी बसवलं असतं. नोएनं त्याला भागीदार केलं. माणसाच्या मनाला वळण लागतं ते अशा वेळी. ज्या गोष्टीसाठी शाळेनं, कारखान्यानं आणि तुरुंगानं त्याला शिक्षा केली होती, त्याच गोष्टीसाठी आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला बक्षीस दिलं.

दोघांनी ट्रक घेतले आणि आजूबाजूच्या गुत्त्यांना आपलीच बिअर घ्या असं सांगू लागले. रॉक आडनावाच्या दोन भावांचाही तोच धंदा होता. एक भाऊ मुकाट्यानं बाजूला झाला, दुसऱ्यानं ऐकलं नाही. त्याला पळवून नेलं, मारलं, अंगठ्यांना बांधून टांगलं आणि त्याच्या डोळ्यांवर घाण पू लावलेली पट्टी बांधली, असं त्या काळी सांगितलं गेलं. घरच्यांनी खंडणी भरून त्याला सोडवलं, पण पुढे त्याची दृष्टी गेली. यातला प्रत्येक तपशील आज सिद्ध करता येणार नाही. पण धंद्याच्या दृष्टीनं तपशील खरा असण्याची गरजही नव्हती. तो ऐकला जाणं पुरेसं होतं. रॉकला ठार मारलं असतं तर चार दिवस बोलबाला झाला असता. आंधळा रॉक रोज रस्त्यानं जाणार, लोक रोज बघणार. ब्राँक्समधल्या बाकीच्या गुत्तेवाल्यांनी फारशी कुरकुर केली नाही. क्रौर्य इथे सूडासाठी किंवा विकृत आनंदासाठी आहे असं समजणं अपुरं पडतं. त्याचे प्रेक्षक ठरलेले होते आणि त्यांच्याकडून काय हवं हेही ठरलेलं होतं.

ऑक्टोबर १९२८ मध्ये नोएवर गोळ्या झाडल्या गेल्या. काही आठवडे तो झुरत राहिला आणि गेला. संशय लेग्ज डायमंड या प्रतिस्पर्ध्याच्या टोळीवर होता. शुल्ट्झ यानं खरोखर हादरला. त्याच्या आयुष्यात बरोबरीचा म्हणावा असा हा एकच माणूस होता. यानंतर त्यानं कुणाला भागीदार केलं नाही, फक्त पगारी माणसं ठेवली. आणि पगारी माणसांशी त्याचं वागणं कसं होतं, ते व्हिन्सेंट कोलच्या प्रकरणात दिसतं.

कोल हा त्याच्या पदरचा तरुण आयरिश मारेकरी. त्यानं वाटा मागितला, शुल्ट्झनं नाकारला, कोल फुटून निघाला. मे १९३१ मध्ये कोलच्या भावाचा खून झाला. मग दोन्हीकडची माणसं पडू लागली. जुलैमध्ये पूर्व हार्लेमच्या रस्त्यावर शुल्ट्झच्या एका माणसावर झाडलेल्या गोळ्या तिथे खेळणाऱ्या मुलांना लागल्या आणि पाच वर्षांचा एक पोरगा मेला. त्या खटल्यात कोल निर्दोष सुटला. फेब्रुवारी १९३२ मध्ये तेविसाव्या रस्त्यावरच्या एका औषधाच्या दुकानात, टेलिफोनच्या खोक्यात उभा असताना त्याला मशिनगननं संपवण्यात आलं.

या धुमश्चक्रीतली एक छोटी घटना मला त्या मोठ्या खुनांपेक्षा बोलकी वाटते. जून १९३१ मध्ये शुल्ट्झ आणि त्याचा साथीदार आपल्या घराबाहेर आले, तर समोर दोन माणसं उभी. कोलचीच असणार, असं धरून यांनी पिस्तुलं काढली. ती माणसं साध्या वेशातले पोलीस निघाली. साथीदाराला गोळी लागली आणि तो मेला. शुल्ट्झनं पिस्तूल फेकलं आणि पळताना पकडला गेला. भीती विकणाऱ्या माणसाला स्वतःच्या मालाची बाधा अशी होते. त्यानं ज्यांना ज्यांना घाबरवलं होतं, त्यांतला प्रत्येक जण आता त्याला कोपऱ्यावर उभा दिसू लागला होता.

दारूचा धंदा कायम टिकणार नाही हे त्यानं वेळीच ओळखलं, ही त्याची हुशारी मान्य करावी लागते. त्यानं हार्लेममधला आकड्यांचा जुगार गिळला. तीन आकडी संख्येवर गरीब कृष्णवर्णीय माणसं पाच-दहा सेंट लावत. आकडा लागण्याची शक्यता हजारात एक, आणि लागला तर मिळणार सहाशे पट. पुढे आपल्या मुंबईतही असा आकडा चालला. तो न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवरून काढत आणि त्यातूनच मटका उभा राहिला. हार्लेममध्ये हा आकडा घोड्यांच्या शर्यतीवर लागलेल्या रकमांच्या बेरजेतून निघे. शुल्ट्झकडे ओटो बर्मन नावाचा गणिती डोक्याचा माणूस होता. ज्या आकड्यावर लोकांनी फार पैसे लावलेत तो निघूच नये, म्हणून बर्मन शेवटच्या क्षणी शर्यतीवर हिशेबानं पैसे लावून बेरीज हलवायचा. हजारात चारशेची कमाईही या माणसाला पुरत नव्हती.

हा जुगार आधी हार्लेममधल्याच कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश भाषक मंडळींच्या हाती होता. त्यांतले अलेक्स पॉम्पेझ न्यूयॉर्क क्यूबन्स या बेसबॉल संघाचे मालक होते. शुल्ट्झनं त्यांना आपल्या ताब्यात घेतलं. स्टेफनी सेंट क्लेअर या एका बाईनं मात्र मान तुकवली नाही. तिनं वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, पोलिसांच्या लाचखोरीवर बोट ठेवलं. पण पोलीस आणि राजकारण शुल्ट्झच्या बाजूला होतं. डेमोक्रॅटिक पक्षाचा वजनदार पुढारी जिमी हाइन्स त्याच्याकडून पैसे घेत होता, हे पुढे १९३९ मध्ये कोर्टात शाबीत झालं. सांगायचं एवढंच, की टोळीवाल्याच्या पिस्तुलाबद्दल आपण पानंच्या पानं लिहितो. त्या पिस्तुलाकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या खुर्च्यांबद्दल दोन ओळीही लिहीत नाही.

आता माणूस म्हणून तो कसा होता? कपड्यांच्या बाबतीत गबाळा. गबाळेपणाबद्दल वार्ताहर त्याची टर उडवत, आणि महागड्या शर्टावर पैसे घालवणारा मूर्ख असतो असं तो उत्तर देई. न्यूयॉर्क टाइम्सच्या मेयर बर्गरनं एकदा त्याच्या सोनेरी केसांच्या बायकांविषयीच्या ओढीबद्दल उथळ शब्दांत लिहिलं. शुल्ट्झनं त्याला गाठलं. बातमी खोटी होती अशी त्याची तक्रार नव्हती. टाइम्ससारख्या पेपरात असली भाषा शोभते का, हे त्याचं दुखणं होतं. हसू येतं, पण यात एक धागा सापडतो. आठवीत शाळा सुटलेला हा माणूस प्रतिष्ठित लोकांच्या दुनियेचे नियम मनोमन मानत होता. त्या दुनियेपुढे तो कधी चिडत नसे.

दोन बाबतींत मात्र त्याच्या संतापाला बांध नव्हता: पैसा आणि फसवणूक. याचा पुरावा त्याच्या वकिलानं, डिक्सी डेव्हिसनं, पुढे १९३९ मध्ये एका साप्ताहिकात लिहून ठेवला. मार्च १९३५ ची गोष्ट. न्यूयॉर्क राज्यातल्या कोहोज या गावचं एक हॉटेल. ज्यूल्स मार्टिन हा शुल्ट्झतर्फे उपाहारगृहांच्या मालकांकडून खंडणी गोळा करायचा. त्यातले ७०,००० डॉलर त्यानं परस्पर खाल्ल्याचा शुल्ट्झला संशय होता. मार्टिन आधी साफ नाही म्हणाला, मग २०,००० घेतल्याचं कबूल केलं. शुल्ट्झ प्यायलेला होता. वाद चालू असतानाच त्यानं पिस्तूल काढलं, मार्टिनच्या तोंडात खुपसलं आणि चाप ओढला. डेव्हिसला धक्का बसला तो कृतीच्या साधेपणाचा. त्यात नाट्य नव्हतं, आरडाओरडा नव्हता, नेहमीच्या एखाद्या सवयीसारखा हात हलला. त्यानंतर शुल्ट्झनं वकिलाची माफी मागितली. माफी खुनाबद्दल नव्हती, त्याच्या देखत केला याबद्दल होती. पुढे मार्टिनचं प्रेत बर्फात सापडलं, छातीवर भोसकल्याच्या खुणा. डेव्हिसनं विचारलं तेव्हा शुल्ट्झनं चेहऱ्यावरची रेषही न हलवता, काळीज कापून काढलं, असं उत्तर दिलं.

या प्रसंगाकडे आपण वेड म्हणून बघतो आणि सुटतो. पण क्रम लक्षात घ्या. कबुली येईपर्यंत पिस्तूल बाहेर आलं नाही. गोळी सुटली ती आकडा कबूल झाल्यावर. आणि गोळी सुटल्यावर पहिलं भान आलं ते शिष्टाचाराचं, समोर बसलेल्या वकिलाच्या दर्जाचं. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्याला खोलीत कोण वरचं आणि कोण खालचं याचा इतका अचूक हिशेब ठेवता येत नाही.

याच वर्षीचा दुसरा प्रसंग शेजारी ठेवा. आयकर बुडवल्याबद्दल त्याच्यावर खटला होता. आधी जवळजवळ दोन वर्षं तो लपून राहिला, मग शरण आला. सिराक्यूजला ज्युरींचं एकमत झालं नाही. फेरखटला मलोन नावाच्या छोट्या गावात नेला. तिथे हा माणूस आधीच जाऊन राहिला. लोकांना दारू पाजली, आजारी मुलांना भेटी पाठवल्या, बेसबॉलचे सामने बघितले, गावकऱ्यांशी अदबीनं बोलला. ऑगस्ट १९३५ मध्ये ज्युरींनी त्याला निर्दोष सोडलं. न्यायाधीश ज्युरींवर उघड संतापले. म्हणजे मार्टिनला मारल्यानंतर पाच महिन्यांच्या आत हाच माणूस आठवडेच्या आठवडे स्वतःला आवरून, हसतमुख राहू शकत होता. कारण समोर ज्युरी होते. रॉक, कोल, मार्टिन आणि ज्यानं धनी गायब असताना प्रतिस्पर्ध्यांशी संधान बांधलं म्हणून पुढे जो कायमचा नाहीसा झाला तो बो वाइनबर्ग, ही सगळी एक तर धाकटे प्रतिस्पर्धी किंवा पदरची माणसं. शुल्ट्झचा राग पाण्यासारखा उताराकडेच धावत असे.

फक्त एकदा तो उलटा, वर चढला, आणि तिथे गोष्ट संपली. ५ डिसेंबर १९३३ ला दारूबंदी उठली. बिअर कायदेशीर झाली, करार कोर्टात जाऊ लागले. टोळीवाल्यांतल्या धोरणी मंडळींनी ओळखलं, की आता गाजावाजा तोट्याचा आहे. लकी लुचियानो आणि त्याच्या जोडीदारांनी आपसातल्या भांडणांसाठी एक पंचायतच बसवली होती. १९३५ मध्ये थॉमस ड्यूई यांची संघटित गुन्हेगारीविरुद्ध विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली आणि त्यांचा रोख शुल्ट्झवर होता. शुल्ट्झनं पंचायतीपुढे प्रस्ताव ठेवला, की ड्यूईला मारायचं. पंचायतीनं नकार दिला. सरकारी वकील मारला तर सरकार सगळ्यांच्याच मुळावर येईल, हा सरळ हिशेब. शुल्ट्झ आपल्या हट्टावर अडून राहिला. १९४० नंतर टोळीतलेच काही जण माफीचे साक्षीदार झाले, तेव्हा हे बाहेर आलं.

२३ ऑक्टोबर १९३५ च्या रात्री न्यू जर्सीतल्या नेवर्क शहरात पॅलेस चॉपहाउस या खानावळीत शुल्ट्झ, त्याचे दोन रक्षक आणि गणिती बर्मन बसले होते. न्यूयॉर्क शहरात त्याला पाय ठेवण्याची सोय उरली नव्हती, म्हणून मुक्काम नदीपलीकडे. मारेकरी आत आले. शुल्ट्झला स्वच्छतागृहात गोळी लागली. चौघेही दगावले. गोळी झाडणाऱ्या चार्ल्स वर्कमनचं शुल्ट्झशी वैर नव्हतं. त्याला काम दिलं होतं आणि त्यानं ते केलं. रागावर उभा राहिलेला माणूस रागाचा लवलेश नसलेल्या हातांनी मेला.

दुसऱ्या दिवशी तापाच्या भ्रमात तो बडबडत होता आणि खाटेशेजारी पोलिसांचा लघुलेखक शब्द न् शब्द टिपत होता. मारेकऱ्याचं नाव कळावं एवढीच पोलिसांची अपेक्षा. नाव काही मिळालं नाही. मिळालं ते असंबद्ध बोलण्याचं एक विलक्षण बाड, ज्यात आई येते, सैतान येतो, सूप येतं आणि आम्ही कुणाचं पाच पैशाचं देणं लागत नाही असं मधूनच ठासून सांगणं येतं. पुढे विल्यम बरोज या लेखकाला त्यात साहित्य दिसलं आणि त्यावर त्यानं पटकथा लिहिली. लोकांनी त्यात गुप्त खजिन्याचे पत्ते शोधले. मला त्यात दुसरंच दिसतं. शुद्ध हरपल्यावरही जे शेवटपर्यंत सुटलं नाही, ते देण्याघेण्याचं. मरण्यापूर्वी त्यानं कॅथलिक धर्मगुरूकडून अखेरचे संस्कार घेतले. तेही मला हिशेब मिटवण्यासारखंच वाटतं, पण तिथे मी थांबतो. माणसाच्या शेवटच्या श्रद्धेवर शेरा मारण्याचा अधिकार व्याख्यात्याला नाही.

आणि ड्यूई? ज्यानं त्यांचा जीव वाचवला, त्या लुचियानोला त्यांनी पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, ३० ते ५० वर्षांच्या शिक्षेवर पाठवलं. पंचायतीचा थंड हिशेबही चुकलाच. तो शुल्ट्झच्या रागापेक्षा शहाणा होता, पण नीतिमान नव्हता. रागीट खुन्यापेक्षा शांत खुनी बरा, असं आपल्याला उगीच वाटत असतं. शांत खुनी फक्त जास्त दिवस टिकतो.

आता थोडं आपल्याकडे वळू. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून पूर्ण बंदी लागू झाली. त्यामागे गांधीजींचा विचार होता, दारूनं उद्ध्वस्त झालेल्या घरांची कळकळ होती. त्या हेतूची मी थट्टा करणार नाही. अमेरिकेतही दारूबंदीच्या चळवळीत नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांचं दुःख होतं. पण हातभट्टी बंदीपाठोपाठ खाडीकाठी आणि झोपडपट्टीत पोचली, हप्ते सुरू झाले आणि वरदराजन मुदलियारसारख्यांचं बस्तान धारावी-माटुंग्याच्या परिसरात बसलं. पुढे १९८७ मध्ये ‘नायकन’ या तमिळ चित्रपटानं त्या आयुष्यावरून नायक उभा केला. बंदी असावी की नसावी, याचा निकाल मी आज देत नाही. लोकांना हवी असलेली वस्तू बंद करताना सरकार त्या वस्तूचा न्यायनिवाडाही सोडून देतं, आणि तो निवाडा मग कुणीतरी उचलतंच, इतकंच माझं म्हणणं आहे. तो कोण उचलणार, याचा विचार कायदा करतानाच व्हायला हवा.

शेवटी मानसशास्त्राबद्दल. शुल्ट्झच्या मनाला एखादं वैद्यकीय नाव देण्याचा मोह मी टाळला. ज्याला डॉक्टरानं समोर बसवून तपासलं नाही, त्याला ऐंशी-नव्वद वर्षांनी रोगाचं लेबल लावणं हे शास्त्र नव्हे. नोंदींवरून जे दिसतं तेवढं सांगतो. त्याला पैसा जाण्याची असह्य भीती होती, फसवले गेल्याचा संशय कायम होता, वरच्यांपुढे अदब होती आणि खालच्यांवर हात टाकायला संकोच नव्हता. ही यादी वाचून पाहा. यातली एकही गोष्ट दुर्मीळ नाही. अशी माणसं कचेऱ्यांत असतात, कुटुंबांत असतात. त्यांना पिस्तूल, ट्रक, वकील आणि पुढारी मिळत नाहीत, म्हणून ती बातमीत येत नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या टोळीवाल्याच्या क्रौर्याच्या कथा कानावर आल्या, तर तो असा का झाला हे जरूर विचारा. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्नही विचारा, कारण उत्तर पुष्कळदा तिथेच असतं: या माणसाच्या रागावर कुणाकुणाची दुकानं चालत होती? जोई नोएनं दारावरच्या राखणदाराचा राग पाहून त्याला भागीदारी दिली. त्या दिवशी क्लबात गिऱ्हाईक म्हणून बसलेले, शेजारी गुत्ता चालवणारे आणि महिन्याचा हप्ता घ्यायला येणारे, सगळ्यांनी तो राग पाहिलाच होता. त्यांतल्या कुणालाच तो महाग वाटला नव्हता.